त्यांची काठी, आमचा खांब

२०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या वाकडच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक जर्मन जोडपे राहायला आले. साहेब चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षांच्या बोलीवर आलेले. सकाळी सातला त्यांना न्यायला गाडी यायची. ती संध्याकाळी किती वाजता आणून सोडील त्याचा मात्र नेम नसे. नाशिक फाटा, भोसरी, मोशी हा रस्ता ज्यांनी एकदा तरी संध्याकाळी केला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको! राहता राहिल्या बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, केस बारीक कापलेले. दिवसभर गॅलरीत उभ्या राहून खाली बघत असायच्या. वॉचमन, दूधवाला, शाळेची बस, सगळे येईपर्यंत आणि जाईपर्यंत.

आमच्या इमारतीतल्या बायकांनी पहिल्या आठवड्यात त्यांच्याबद्दल पुष्कळ चर्चा केली. पण वर जाऊन दार वाजवायचा धीर कोणालाच होईना. बोलायचे काय आणि कुठल्या भाषेत? माझे इंग्रजी म्हणजे वाईच्या शाळेतले, तेही दहावीनंतर बासनात बांधून ठेवलेले.

मला मात्र ते गॅलरीतले उभे राहणे ओळखीचे वाटत होते. १९८१ साली लग्न होऊन मी चिंचवडला आले, तेव्हा मीही अशीच उभी असे. स्टेशनजवळ दोन खोल्या. 'हे' पहिल्या पाळीला गेले की दुपारपर्यंत घरात मी आणि माझा स्टोव्ह. वाईला घाटावर पाणी आणायला गेले तरी दहा जणी विचारणार, "काय गं, आज उशीर?" इथे कोणी कोणाला विचारत नव्हते, कारण सगळेच बाहेरून आलेले. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभा राहिला. मग एकामागून एक मोठमोठे कारखाने आले आणि त्यांच्यामागे माणसे आली. साताऱ्याकडची, मराठवाड्यातली, केरळातली, कर्नाटकातली, पंजाबातली. मी आले तेव्हा नगरपालिका होती, १९८२ साली महापालिका झाली. शहर मोठे होत होते म्हणे. मला ते काय उपयोगाचे? मला दुपारी बोलायला माणूस हवे होते.

आमच्या शेजारी एक मल्याळी कुटुंब होते. त्या बाईंना हिंदी येत नव्हते आणि मला मल्याळम. एकदा दार उघडे होते म्हणून त्यांना आमच्या रेडिओवरचे झाकण दिसले. माझ्या रुखवतातले, मीच केलेले. तेव्हा रुखवतात क्रोशाचे तोरण, रेडिओचे झाकण आणि काचेच्या ग्लासांवरच्या मणी लावलेल्या जाळ्या नसतील तर मुलीला काही येते की नाही अशी शंका घेत! त्या बाई आत आल्या, झाकण उलटे करून पाहिले आणि बोटाने सुई फिरवल्यासारखे केले. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या आपली पिशवी घेऊन हजर. अननसाची नक्षी मी त्यांच्याकडून शिकले. त्यांना मी 'चेची' म्हणत असे. चेची म्हणजे मोठी बहीण, एवढा एक शब्द आम्हांला अकरा वर्षे पुरला.

तर सांगायचे ते हे, की पाचव्या मजल्यावरच्या बाईंचे काय करायचे याचे उत्तर माझ्याकडे छत्तीस वर्षांपूर्वीच होते. मी दुपारी खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसले आणि भाचीच्या रुखवतासाठी घेतलेले तोरण विणायला लागले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी लिफ्टचे दार वाजले आणि बाई खाली आल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहिले आणि पिशवीतून आपली सुई काढली.

पहिल्या दिवशी आम्ही टाक्यांची नावे एकमेकींना सांगितली. मी साखळी घालून दाखवली. त्या म्हणाल्या, "लुफ्टमाशे." मुलगा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेला, त्याला रात्री विचारले तर म्हणाला, "अगं, हवेचा टाका." खरेच की, साखळी कशातही न अडकता हवेतच घालतो आपण! मग मी खांब घातला. त्यांच्याकडे त्याला 'श्टेबशेन' म्हणतात, म्हणजे छोटी काठी. आमचा खांब, त्यांची काठी. मुका खांब मात्र समजावून सांगताना माझी त्रेधा उडाली. मी म्हणाले, "डंब पिलर." बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले. म्हणाल्या, "असा एक माझ्या घरी आहे. रोज चाकणला जातो."

त्यानंतर बुधवार ठरून गेला. इमारतीतली मुले त्यांना 'जर्मन आजी' म्हणायची, त्या मला मुलांचे ऐकून 'काकू'. पुढे पुढे मी मनातल्या मनात त्यांना 'ती'च म्हणू लागले, म्हणून इथेही तसेच लिहिते.

तिच्या देशात तिच्या वयाच्या मुली शाळेत हस्तकलेच्या तासाला सर्वांत आधी क्रोशाचा चौकोन करायला शिकत, गरम भांडे धरायचा. आपण फडके किंवा सांडशी वापरतो, त्यांच्याकडे सुती दोऱ्याचे जाड चौकोन भिंतीवर टांगलेले असतात. तिने मला दोन करून दिले. मी ते देवघराशेजारी टांगले, कारण कुकर उतरवायला वापरायचा जीव होईना. त्यावर ती रागावली. म्हणाली, "काकू, हा काळा झाला पाहिजे!" आता माझा एक कोपऱ्यात चांगला करपलेला आहे.

खळ द्यायच्या बाबतीत मात्र जिंकले मी. गोल रुमाल ताठ राहावा म्हणून ती साखरेच्या पाण्यात बुडवून वाळवीत असे. त्यांच्याकडे तशी जुनी रीत आहे. थंड देशात ठीक आहे हो, वाकडला श्रावणात काय होणार? सकाळी तिच्या टेबलावर रुमालाऐवजी मुंग्यांची काळी नक्षी! मी तिला साबूदाण्याची खळ दाखवली. साबूदाणा भिजवून पुष्कळ पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळून कोमट असताना रुमाल बुडवायचा आणि जाड उशीवर किंवा थर्मोकोलवर टाचण्या लावून आकारात ताणून सावलीत वाळवायचा. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या, नाहीतर कडेने तांबडे डाग पडतात ते जन्मात जात नाहीत. रंगीत दोरा असेल तर आधी मिठाच्या पाण्यात टाकून रंग जातो का ते पाहावे. लाल दोऱ्यावर तर कधीच विश्वास ठेवू नये.

दोरा आणायला आम्ही पिंपरी कॅम्पात जात असू. तिला तिथली गर्दी फार आवडे. दुकानदार दोऱ्याची गुंडी पुढे टाकी, ती नाकाजवळ नेऊन वास घेई, मग दोन बोटांत पीळ उलगडून बघे. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम फॉरेनच्या असून पारखी आहेत." तिला भाव करता येईना. मी भाव करू लागले की ती लाजून रस्त्याकडे बघत उभी राही.

नवरा रोज जातो ते चाकण आहे तरी कसे, हे तिला एकदा पाहायचे होते. २००९ साली फोल्क्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ ह्या दोन जर्मन मोटारींचे कारखाने तिकडे सुरू झाले, तेव्हापासून कुरुळी, निघोजे, महाळुंगे ही नावे जर्मन माणसांच्याही तोंडात बसली आहेत. २०१९ च्या जानेवारीत एका शनिवारी आम्ही दोघी गाडी करून निघालो. मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, कंटेनर, टपऱ्या आणि मधूनच कांद्याचे शेत. तिच्या नवऱ्याच्या कारखान्याचे फाटक बाहेरून पाहिले. ती म्हणाली, "एवढेच?" कारखाने असेच असतात. चाळीस वर्षे माझा संसार कारखान्यावर चालला, मी एकाचाही आतला भाग पाहिलेला नाही.

मग मी तिला चाकणचा भुईकोट दाखवायला नेले. संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने लढवला. आता तट फारसे राहिलेले नाहीत. पडक्या भिंतीशी बसून मी तिला ही हकिगत माझ्या इंग्रजीत सांगितली. तिला किती कळली देव जाणे, पण "दोन महिने?" असे दोनदा म्हणाली.

परतताना बाजारात मेथी घेतली. भाजीवाल्या मावशींची नजर तिच्या खांद्यावरच्या पिशवीवर. तिने स्वतः विणलेली, चौकोन जोडून केलेली. मावशींनी हात पुसला आणि पिशवीला लावला.

"ह्ये कुनी इनलं?"

"यांनी," मी म्हटलं.

"सायबीण इनती व्हय!" मावशी म्हणाल्या. "माज्या रुखवताला म्या तोरन केल्तं. आमच्या दादानं सायकलीच्या तारंची सुई करून दिल्ती घासून घासून. अजून हाय घरात."

मी हे तिला सांगितले. तिने पिशवीतून आपली सुई काढून मावशींच्या हातात दिली. मावशींनी भर बाजारात, मेथीच्या ढिगामागे बसून, सात-आठ खांब घातले. बोटे भाजीने हिरवी झालेली, पण टाके अगदी एकसारखे. शेवटी एक जुडी फुकट घेतल्याशिवाय त्यांनी आम्हांला सोडले नाही.

घरी येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, की आज नवऱ्याला विचारणार, तुझे यंत्रमानव हे करू शकतात का? साहेबांनी मोकळेपणाने सांगितले, नाही. मोटारीचे सांधे जोडणारी यंत्रे चाकणला रांगेने उभी आहेत, पण क्रोशाचा टाका यंत्राला अजून नीट साधलेला नाही. बाजारात यंत्रावरची म्हणून जी जाळी मिळते ती वेगळ्या विणीची असते. खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी हातून गेलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरकडे हजारो बायका घरी बसून ह्या लेसवर पोट भरतात. मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात तिकडे ही कला नेली, २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मजुरी मात्र आजही फार थोडी पडते, हेही सांगायला हवे. आपण छंद म्हणतो ते कुठे कुणाची चूल असते.

त्याच सुमाराला माझ्या सुनेला दिवस गेले आणि आम्ही बाळासाठी दुलई करायची ठरवली. मुलाने संगणकावरून इंग्रजी नमुना काढून आम्हांला एकेक प्रत दिली. दोघींनी वीस-वीस चौकोन करायचे. पंधरा दिवसांनी जमिनीवर मांडले तर माझे चौकोन तिच्यापेक्षा चार बोटे लहान! दोरा तोच, सुई तीच. ती म्हणे मी घट्ट विणते, मी म्हणे ती सैल. शेवटी घोळ सापडला. इंग्लंडच्या पुस्तकांत 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकेच्या पुस्तकांत 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब. नमुना अमेरिकेचा, मी शिकलेले सासूबाईंच्या विलायती पुस्तकावरून. तेव्हा मैत्रिणींनो, इंग्रजी नमुना हाती घेतला की आधी तो कुठल्या देशाचा ते पाहा. 'सिंगल क्रोशे' हा शब्द दिसला की तो अमेरिकेचा, कारण विलायतेत तो नसतोच. ह्यापेक्षा जपानी पुस्तके बरी. त्यांत नुसती चिन्हे असतात. साखळीला लंबगोल, खांबाला दांडी. एक अक्षर न वाचता विणता येते.

माझे वीस चौकोन मी उसवले नाहीत. नातीच्या बाहुलीची दुलई झाली.

तेव्हापासून आम्हांला मोठे काहीतरी करायची हौस आली. २०१६ साली चेन्नईला बायकांनी मिळून ११,१४८ चौरस मीटरची क्रोशाची चादर जोडून गिनीज बुकात नाव नोंदवले, ते मी तिला सांगितले होते. आम्ही पलंगपोसावर समाधान मानले. आडवे दहा, उभे बारा, असे एकशेवीस चौकोन. चौकोन साधाच, ज्याला तिकडे आजीचा चौकोन म्हणतात तो. ४ साखळ्या घालून गोल जोडायचा. ३ साखळ्या म्हणजे पहिला खांब धरून गोलात आणखी २ खांब, मग ३ साखळ्यांचा कोपरा. पुढे ३ खांब आणि ३ साखळ्या असे आणखी तीनदा, की चार कोपरे झाले. पुढच्या फेऱ्यांत कोपऱ्यात तीन-तीन खांबांचे दोन झुपके, मध्ये ३ साखळ्या. बाजूला एकेक झुपका. ह्यात चुकण्यासारखे काही नाही. प्रत्येक चौकोनाला ती कागदाची चिठ्ठी टाचून आकडा घाली. जर्मन शिस्त!

२०२० च्या मार्चमध्ये बासष्ट झाले होते.

पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. दारे बंद झाली. त्यांच्या सरकारने आपल्या लोकांना परत न्यायला खास विमाने पाठवली. त्यांना एका दिवसाच्या अवधीत निघावे लागले. भेटायची सोय नव्हती. सकाळी दार उघडले तर कडीला पिशवी अडकवलेली, आत बासष्ट चौकोन. अर्धा दोरा ती बरोबर घेऊन गेली होती, अर्धा माझ्यासाठी. गॅलरीतून खाली पाहिले तेव्हा गाडी फाटकाबाहेर वळत होती.

ती पिशवी मी कपाटात ठेवली. फोनवर बोलणे व्हायचे. पण समोरासमोर बसल्याशिवाय सुई हातात घ्यावीशी वाटेना. आणि मग २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, 'हे' गेले. अकरा दिवस दवाखान्यात होते, मला एकदाही आत जाता आले नाही. चाळीस वर्षांचा संसार. त्यावर मला इथे अधिक लिहिता येणार नाही.

तिने फोन केला तेव्हा ती फारसे बोलली नाही. तिला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, आणि इंग्रजीत ह्या गोष्टी आम्हां दोघींनाही बोलता येत नाहीत. तिने फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि विणत बसली. मी इकडून तिचे हात बघत बसले. अर्धा तास. पुढच्या बुधवारी पुन्हा फोन. मे, जून, जुलै. सून म्हणायची, "आई, बोलत तर काहीच नाही तुम्ही." नव्हतोच बोलत.

ऑगस्टमध्ये टपालाने पुडके आले. आत पाच चौकोन, आकडे ६३ ते ६७. मी ते त्या पिशवीत टाकले. सप्टेंबरात दुसरे पुडके आले, त्यातही पाच. पण आकडे ७३ ते ७७! मधले पाच गहाळ झाले असणार, टपालाचा तेव्हा भरवसाही नव्हता. मी काळजीने फोन केला. ती म्हणाली, "ते हरवले नाहीत. ते तुमच्याकडे आहेत, काकू."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्या रात्री मी कपाट उघडले. अडुसष्टावा चौकोन करायला मला चार दिवस लागले आणि त्यात एका बाजूला झुपक्यात दोनच खांब आहेत. तो तसाच ठेवला आहे.

असे पाच तिचे, पाच माझे करीत २०२२ च्या दिवाळीला एकशेवीस झाले. जोडायचे कोणी? ती म्हणाली, जोडायचे मिळूनच. म्हणून सव्वा वर्ष ते तसेच पडून राहिले. मी कडुलिंबाचा पाला वाळवून कापडात बांधून पिशवीत ठेवला आणि दर महिन्याला ऊन दाखवले. (सुती विणकामाला पावसाळ्यात वास धरतो, एवढे कराच.)

२०२४ च्या फेब्रुवारीत ती आली. एकटी, तीन आठवड्यांसाठी. साहेब आता सेवानिवृत्त झाले आहेत आणि घरी बसून, तिच्या म्हणण्याप्रमाणे, अजून मुकेच आहेत. तिने जमिनीवर सगळे चौकोन आकड्यांप्रमाणे मांडले. गुडघे टेकून एकेक ओळ तपासली. अडुसष्टाव्यापाशी थांबली, बोटाने खांब मोजले, आणि पुढे गेली.

जोडून झाले. आता राहिली आहे ती किनार. तिच्यासाठी दोरा आणायला आम्ही पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टापर्यंत आणि तिथून रिक्षाने तुळशीबागेत गेलो. तीन दुकाने हिंडलो आणि हात हलवीत परत आलो, कारण तिला राखाडी हवी आणि मला डाळिंबी. राखाडी किनार कधी कोणी लावली आहे का? राखेचा रंग तो! ती म्हणते डाळिंबी डोळ्यांत खुपते. शेवटी ती किनारीवाचूनच परत गेली. पलंगपोस माझ्याकडे आहे. बुधवारी फोन येतो, दोघी विणत बसतो, आणि ठेवताना ती न चुकता विचारते, "राखाडी?"